शून्याची चूक

भोसरीत, एमआयडीसीच्या एका पत्र्याच्या शेडमागे
वीस अंशांवर राखलेल्या खोलीत
मी व्हर्निअर तपासते, मायक्रोमीटर तपासते,
कुणाचं माप कितीने चुकतं ते लिहून
खाली सही करते.
हसू नका.
माझ्या स्कूटरची किल्ली या क्षणी
घरच्या फ्रीजमध्ये आहे, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी,
आणि हे मला संध्याकाळी कळणार आहे.
आज बसने आले.
नाशिक फाट्याच्या एक स्टॉप पुढे उतरले.

त्रेचाळिसाव्या वर्षी
सहकारनगरच्या डॉक्टरीणबाईंनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली.
आईने दिवाणाच्या पेटीतून काढून दिली.
पाचवी ते दहावी. सहा बाई, सहा वळणांची अक्षरं,
वाक्य एकच : हुशार आहे, पण लक्ष नाही.
आई म्हणाली, "मग? खरंच होतं ना ते."
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लक्ष आहे हो,
चांगलं ढीगभर आहे.
त्याच्यावर मुकादम नाही.

घरी सांगितलं.
निशिकांत म्हणाला, "एडीएचडी? ते लहान मुलांना असतं ना?"
म्हटलं, मीही लहान होते की.
मग तो बराच वेळ मटार सोलत राहिला.
"म्हणजे ते विजेचं बिल, पासपोर्टची तारीख,
माझ्या बहिणीचा साखरपुडा...
मुद्दाम नव्हतं?"
अठरा वर्षांत हा प्रश्न
त्याने पहिल्यांदा प्रश्न म्हणून विचारला.

आळस म्हणाल तर
आळशी माणूस आडवा पडला की त्याला आराम मिळतो.
मी आडवी पडून
न केलेल्या कामाभोवती धावत असते.
सकाळी रिपोर्ट उघडते. एसी गुरगुरतो.
नटाला सहाच बाजू का, असं मनात येतं,
आणि दीड वाजता मला नटाचा समग्र इतिहास ठाऊक असतो.
रिपोर्टवर फक्त तारीख पडलेली असते,
तीही कालची.

गोळी साडेसातला घेते.
गोळी काम करून देत नाही.
एवढंच होतं, की डोक्यातल्या वर्गात
एका वेळी एकच जण बोलतो,
बाकीचे हात वर करून थांबतात.
कधीकधी.

ऑडिटच्या आदल्या आठवड्यात
स्टोअरच्या इलाही शिकलगारला म्हटलं,
जरा माझ्याशेजारी बस.
"काय करू?"
काही नको. नुसता बस.
तो आपलं स्टॉक रजिस्टर आणि फुटाण्यांची पुडी घेऊन आला.
दोन तास. अकरा सर्टिफिकिटं.
जाताना पुडीतला चुरा तळहातावर घेत म्हणाला,
"मॅडम, मी नक्की केलं काय?"
मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

जबडे पूर्ण मिटले तरी जो शून्यावर येत नाही
तो व्हर्निअर आम्ही फेकत नाही.
चार शतांश जास्त दाखवतो ना?
डबीत कार्ड ठेवतो : दर वेळी एवढे वजा करा.
माझंही कार्ड आहे,
कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं, लेकीच्या अक्षरात :
आईचा अर्धा तास म्हणजे सव्वा तास.
"आत्ता येते" यावर विसंबू नये.
तोंडी सांगू नका, लिहून द्या.
दूध ठेवलं की तिथून हलायचं नाही.

फरक एवढाच, की व्हर्निअर रोज तेवढाच चुकतो.
मी सोमवारी चार शतांश,
मंगळवारी वीतभर,
आणि एखाद्या गुरुवारी, कुणी बघत नसताना,
अगदी बरोब्बर शून्यावर.

संध्याकाळी कोथिंबिरीमागे किल्ली सापडते.
थंडगार. मुठीत धरते, हसते,
खुंटीवर नेऊन अडकवते, तिच्या तिच्या जागी,
मोठ्याने म्हणते, "अडकवली."
आणि परत येऊन उभी राहते
उघड्या दारासमोर, त्या पिवळ्या उजेडात.
फ्रीज मुळात
कशासाठी उघडला होता?